मी बदललेला प्रश्न

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही — आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर मुळीच नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यासमोर तरी जमेल असं वाटतंय. जमेल का? मलाही माहीत नाही.

लग्न होऊन इंदूरला आले त्याला आता पस्तीस वर्षं झाली. माहेरी पुण्याला असताना जर्मन शिकले होते. तेवढ्या भांडवलावर इथल्या एका कॉलेजात अर्धवेळ शिकवायची. वर्गात सहा-सात मुलं, त्यातली तीन झोपलेली. एरवी शहरात माझ्या जर्मनचा कुणाला काही उपयोग नव्हता. त्यामुळे हेल्गाबाई येणार म्हटल्यावर दुभाषी म्हणून सगळ्यांना एकदम मीच आठवले, आणि मला — खरं सांगते — फार बरं वाटलं.

हेल्गाबाई हे आमच्या महिला मंडळानं केलेलं नाव. नुसतं हेल्गा म्हणायला कुणाची जीभ धजेना. त्या जर्मनीत धर्मशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. बायबल बाईच्या नजरेनं वाचायचं, देवाला फक्त बापच का म्हणायचं असं भर सभेत विचारायचं, आणि त्यापायी बढत्या हुकवून घ्यायच्या — असं त्यांचं आयुष्य गेलेलं. पासष्टी उलटलेली, उंच, पायांत कॅनव्हासचे बूट. तीन आठवडे इथे होत्या. खजरान्याच्या गणपतीला गेलो तेव्हा हार-फुलांच्या दुकानांतल्या बायकांशी त्या माझ्यामार्फत इतकं बोलल्या, की दर्शन राहूनच गेलं.

मंडळात त्यांचं भाषण ठरलं. अध्यक्ष माझ्या सासूबाई. पहिल्या रांगेत, मधोमध.

बाईंना इंग्रजी येत होतं, पण त्या मला आधीच म्हणाल्या होत्या की लहानपणाबद्दल मी फक्त जर्मनमध्येच बोलू शकते. म्हणून त्या दिवशी हॉलमधल्या साठ-सत्तर बायकांना त्यांचा एकेक शब्द माझ्याच तोंडून ऐकायला मिळणार होता. बाईंना ह्या बायकांचा, तोही माझ्याच तोंडून. हे लक्षात ठेवा.

पण आधी कमलबद्दल सांगायला हवं. — बघा, मी टाळतेय.

कमल आमच्या कॉलेजची लायब्ररियन. महूची. आजोबा फौजेत होते, वडील शाळामास्तर, घर बौद्ध. माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. कॉलेजात मला मॅडम म्हणायची, बाहेर ताई. मी जर्मन-मराठी शब्दसंग्रह करत होते, त्याची कार्डं ती लावून द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं, आवड म्हणून. दर शनिवारी दुपारी घरी यायची. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरून बसायचो, आणि चार वाजता सासूबाई चहा करायच्या.

कमलचा कप वेगळा होता. बाकीचे सगळे पांढरे, तिचा पिवळ्या फुलाचा, दांडीला टवका गेलेला. तो गॅलरीत, कपडे धुवायच्या साबणाशेजारी असायचा. पहिल्या शनिवारीच सासूबाईंनी मला आत बोलावून हळूच सांगितलं होतं, "सुनीता, वो तिचा कप बाहेर ठेवलाय हं. मिक्स नको करूस."

मी काय म्हटलं? काहीच नाही. मी तो कप गॅलरीतून आणला, विसळला, ट्रेमध्ये ठेवला. दर शनिवारी. चहा पिऊन झाला की कमल तो स्वतः धुऊन गॅलरीत ठेवून यायची. तिला कळत नसेल असं मी स्वतःला सांगत होते. लायब्ररीतली दहा हजार पुस्तकं जिला जागच्या जागी माहीत, तिला एक कप कुठे ठेवतात हे कळत नसेल?

तर ते भाषण.

हेल्गाबाई एका लहान गावात, पाद्र्याच्या घरात वाढल्या. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. समोर शिंप्याचं घर होतं, ज्यू कुटुंब. त्यांची मुलगी हेल्गाच्याच बाकावर बसायची. दोघींनी मिळून एक मांजर पाळलं होतं. मग त्या मुलीचं शाळेत येणं बंद झालं. आणि एका सकाळी समोर ट्रक उभा राहिला. आठ वर्षांची हेल्गा खिडकीशी धावली. आईनं पडदा ओढला आणि म्हणाली, सूप निवतंय, खाऊन घे. वडिलांनी प्रार्थना जरा मोठ्यानं म्हटली. बस, इतकंच. पुढे त्या घरात ह्या गोष्टीचा उच्चार कधीही झाला नाही. बाई म्हणाल्या, "मी पुढे धर्मशास्त्र शिकले ते त्या मोठ्यानं म्हटलेल्या प्रार्थनेमुळे. बाहेरचं नेमकं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती म्हटली होती, ते मला शोधायचं होतं." वर्गात चाळीस मुलगे आणि ही एकटी. प्राध्यापक म्हणायचे, तू पाद्र्याची बायको म्हणून छान शोभशील.

मी सगळं नीट मराठीत सांगत गेले. पुढच्या रांगेत सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग प्रश्नांची वेळ. दोन-तीन प्रश्न झाले, तुम्ही लग्न का नाही केलं वगैरे. आणि मागच्या रांगेत कमल उभी राहिली. निळी साडी, हातात पर्स घट्ट धरलेली. ती चार लोकांत कधी बोलायची नाही. माझ्याकडे न बघता, थेट बाईंकडे बघून म्हणाली,

"मॅडम, माझी एक मैत्रीण आहे. तिच्या घरी माझा चहाचा कप अलग ठेवतात. ती स्वतः ठेवत नाही, घरचे ठेवतात. पण तिला माहीत आहे, आणि ती काही बोलत नाही. तुमची आई बोलली नाही, तशी. मी तिला काय म्हणू? की तिच्याकडे जाणंच सोडू?"

मराठी सगळ्यांना कळलं होतं, पण कुणाच्या घराबद्दल, ते फक्त तिघींना. कमलला, मला, आणि पहिल्या रांगेतल्या त्या एकीला, जिच्या डोळ्यांवरून पदर आता खाली आला होता.

बाई माझ्याकडे वळल्या. वाट बघत होत्या. आणि मी — स्वच्छ, सुंदर जर्मनमध्ये — म्हणाले, "ही विचारते आहे, की तुम्ही तुमच्या आईला क्षमा करू शकलात का?"

किती सेकंद लागले असतील मला? दोनही नाही. खोटं बोलायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही.

बाईंनी बराच वेळ कमलकडे बघितलं. मग उत्तर दिलं. ते मात्र मी अगदी प्रामाणिकपणे मराठीत आणलं, शब्दाला शब्द. "ती दुष्ट नव्हती. भ्यालेली होती. मी तिच्यावर प्रेम करणं सोडलं नाही, तिच्या टेबलाशी बसणं सोडलं नाही. तेच बरोबर होतं असं आज वाटतं."

कळतंय का तुम्हाला, मी काय केलं? कमलनं विचारलं एक, आणि तिला मिळालं हे. तिच्या दृष्टीनं जग पाहिलेल्या, शिकलेल्या, सोसलेल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं — मैत्रीण भ्यालेली आहे, जात राहा. कमलनं मान हलवली, "थँक्यू" म्हणाली आणि खाली बसली.

पुढच्या शनिवारी ती आली. त्याच्या पुढच्याही. सहा वर्षं येत राहिली, सासूबाई गेल्या तोवर. त्या कपातून चहा पीत राहिली. मी आणून देत राहिले. आणि शब्दसंग्रह छापून झाला तेव्हा प्रस्तावनेत मी तिचे आभार मानले, एका ओळीत.

त्या दिवशी घरी परतताना रिक्षात सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं सांभाळलंस हं." त्यांना जर्मन येत नव्हतं. तरी कळलं होतं. मला ते ऐकून हलकं वाटलं, हेही सांगून टाकते.

हेल्गाबाईंनी म्हातारपणी आपल्या लहानपणावर पुस्तक लिहिलं. त्या वारल्यावर दोन वर्षांनी एका प्रकाशकानं ते मराठीत आणायला माझ्याकडे दिलं. पहिल्याच पानावर होतं: इंदूर नावाच्या शहरात निळ्या साडीतल्या एका बाईनं मला विचारलं, की आईला क्षमा केलीत का? आयुष्यात हे मला कुणी विचारलं नव्हतं. हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

असा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. कमलचा प्रश्न बाईंपर्यंत पोचला असता तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं? त्यांनी सगळा जन्म त्याच प्रश्नावर काढला होता. ते उत्तर आता कुणालाच मिळणार नाही.

अनुवादकाची टीप म्हणून दोन ओळी टाकता आल्या असत्या. मी त्या लिहिल्याही. प्रुफं परत पाठवताना काढून टाकल्या.

मागच्या दिवाळीनंतर कमलचा फोन आला. ती आता रिटायर झाली आहे, महूलाच मुलाकडे असते. पुस्तक विकत घेऊन वाचलं होतं. इकडची तिकडची चौकशी झाली, माझे गुडघे, तिची नात. मग ती म्हणाली,

"ताई, ते पहिलं पान. ती निळ्या साडीवाली मीच ना?"

"हो."

"पण मी वो नव्हतं विचारलं. मी दुसरंच विचारलं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, सासूबाई नव्हत्या, मंडळ नव्हतं. घाबरायला काही उरलंच नव्हतं. मी म्हणाले,

"इतकी वर्षं झाली गं कमल. मला नीट आठवत नाही."

"हो, तेही खरं," ती म्हणाली. "मग माझ्याच लक्षात चुकीचं राहिलं असेल."

आणि मी म्हटलं, "असेल."