कापलेल्या फोटोतली दोरी

एका युवक मंडळाच्या शिबिरप्रमुखाने, त्याच्या भरवशावर मुली पाठवणाऱ्या आईबापांना फसवलं. पुढे त्याच्या मंडळाने मला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला चोर शोधत बसायला नको. नोकरी संपून इतकी वर्षं झाली, पण ही केस डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कॅमेऱ्याचे मोबाईल कॉलेजच्या मुलांच्या हातात नुकतेच आले होते. एके सकाळी हजेरी चालू असतानाच आचऱ्याकडचे एक बागायतदार येऊन बाकावर बसले. त्यांची मुलगी कणकवलीला कॉलेजात होती. मंडळाच्या किनारा स्वच्छता शिबिराला जाऊन आली आणि आठवड्याभरात तिचा एक फोटो कॉलेजभर फिरू लागला. ती पुढे, तिला खेटून मागे एक मुलगा, दोघंही मागे झुकून हसताहेत. कमरेच्या वरचा एवढाच भाग.

"साहेब, चेडवाक आता घरात बसवतलंय. कॉलेज बस झाला," ते म्हणाले.

"परीक्षा कधी आहे?"

"शिमग्यानंतर."

"मग परीक्षेपर्यंत कॉलेजातून तिचं नाव काढायचं नाही. तेवढ्यात मी माणूस शोधतो. कबूल?"

ते बाकावरून उठले. मग म्हणाले, "तुमच्या शब्दावर."

ते जातात न जातात तोच शिबिरप्रमुख हजर. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. न बोलावता ठाण्यात येणारी माणसं कमी, आणि आरोपीचं नाव सोबत घेऊन येणारी त्याहून कमी. हा नाव घेऊनच आला होता. फोटोतला मुलगा मच्छीमाराचा, त्यानेच मित्राकडून फोटो काढून घेतला असणार, म्हणाला. "साहेब, समुद्रावरची मुलं. तुम्हाला सांगायला नको."

मी स्वतः समुद्रावरचा. हे त्याला ठाऊक नव्हतं. पेढे मी परत केले.

पण मुलाला बोलवावं लागलंच. त्याची आई मासळीची पाटी बाहेर ठेवून तरातरा आत आली. "माझ्या झिलान काय केल्यान तां माका सांगा! मोबायल आसा तेच्याकडे? दाखवा! घरात रेडिओ गावाक नाय, नि मोबायल!"

ठाणे अंमलदार तिला बाहेर न्यायला उठला. मी त्याला थांबवलं. बाई बोलत होती ते तपासण्याजोगं होतं. मुलाकडे फोन नव्हताच.

फोटो पहिल्यांदा ज्यांच्याकडे दिसला त्या शिबिरातल्या दोन मुलांचे जबाब मी वेगवेगळे घेतले. दोघंही एकच सांगत होते. शिबिरात पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन प्रमुखाने एका पिशवीत जमा करून घेतले होते. शेवटच्या दिवशी परत मिळाले तेव्हा फोटो आत होताच. माझ्या माणसांना वाटलं, पोरं ठरवून खोटं बोलताहेत. मला तसं वाटेना. ठरवून बोलणारे याहून बरी गोष्ट रचतात.

मी प्रमुखाला बोलावलं. पिशवी ऑफिसच्या खोलीत होती, खोलीला कुलूप नव्हतं, कोणीही गेलं असेल, असं तो म्हणाला.

"हा फोटो काढला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"हा कधीचा, मला काय माहीत?"

मी फोटो पुन्हा नीट पाहिला. दोन्ही शरीरं एकाच बाजूला ताणलेली, खांदे ओढलेले. प्रेमात पडलेली माणसं अशी उभी राहत नाहीत. अशी रापण ओढतात. किनाऱ्यावर उभं राहून लांबलचक जाळं दोरीने ओढून घ्यायचं, माणसामागे माणूस, टाचा वाळूत रोवून. लहानपणी मी शाळेआधी हेच करायचो. फोटोतून दोरी कापली होती, पुढची-मागची माणसं कापली होती.

"शिबिरातली मुलं रापणीला गेली होती?"

"हो, एका सकाळी. मीही होतो. सगळ्यांसोबत दोरी ओढत होतो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

मी ते शब्दशः जबाबात घेतलं, त्याची सही घेतली आणि त्याला बसवून ठेवून जीप काढली.

आमच्याकडे दोरीला हात लावला की वाटा मिळतो. पाहुणा असो की शाळकरी पोर, मूठभर का होईना मासळी त्याच्या पुढ्यात पडते. आणि ज्याने ओढलं नाही त्याला शेपटीही नाही. रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, जाळं वाळवत बसला होता. मी विचारलं, शिबिराच्या पुढाऱ्याला वाटा किती दिलास?

तो हसायलाच लागला. "तेका? तेणा मागल्यान, पण मी म्हटलंय, तू खंय ओढलंस? तू पाण्यात उभो रवान फोटो काढी होतंस. आता फोटोच भाजून खा!"

बाजूचे सगळे हसले. त्या दिवशीही असेच हसले होते म्हणे.

ठाण्यात परत येऊन मी टेबलावर हात आपटला तेव्हा प्रमुखाच्या पुढ्यातला कप आडवा झाला. पंचांसमक्ष त्याचा फोन घेतला. अख्खा फोटो त्यात होता. दोरी, पुढेमागे दहाबारा मुलं, सगळं. मंडळाच्या संगणकावर त्याने तो कापला होता आणि पिशवीतल्या फोनांत टाकला होता.

कारण मुलीनेच सांगितलं. जमा केलेले फोन उघडून तो मुलींचे फोटो चाळत बसायचा. तिने ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सर, आमचे फोन सांभाळायला दिलेत की बघायला?" तिच्या तक्रारीला किंमत राहू नये म्हणून तिचीच किंमत घालवायची, एवढंच त्याला करायचं होतं.

गुन्हा दाखल करायच्या आत मंडळाचे अध्यक्ष आले. मुलीचं नाव कोर्टात येईल, असं त्यांनी बापाला घाबरवलं. बाप डळमळला. मग मी माझी अट घातली. कॉलेजच्या सभागृहात अख्खा फोटो सगळ्यांना दाखवायचा, प्रमुखाने उभं राहून काय केलं ते बोलायचं आणि मंडळातून बाहेर व्हायचं. अध्यक्ष माझ्यासमोर हो म्हणाले. त्या शब्दावर बापाने तक्रार मागे घेतली.

सभा आज, उद्या, परीक्षेनंतर असं करत राहून गेली. तोवर माझ्या बदलीचा आदेश आला. तो कसा आला हे मला विचारू नका. अध्यक्षांना विचारा. पुढच्या वर्षीच्या शिबिरात झेंडा त्याच प्रमुखाने फडकवला.

मुलीने परीक्षा दिली, पास झाली. बापाने मला दिलेला शब्द पाळला. त्यानंतर मात्र कॉलेजातून तिचं नाव काढलं. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "साहेब, सभा खंय झाली? लोक अजून अर्धोच फोटो बघतत."

या केसपासून मी एक शिकलो. मुलांच्या हातातल्या फोनवर सगळे नजर ठेवतात. ते फोन गोळा करणाऱ्या हातांवर कोणी ठेवत नाही. आता ती नजर आईबापांनी ठेवावी.

आणि अध्यक्षमहाराज, तुम्ही अजून त्याच खुर्चीत आहात असं ऐकतो. त्या मुलीची पदवी अपुरी राहिली ती तुमच्या न झालेल्या सभेमुळे. सभा कधी घेताय? मला नको, तिला कळवा. तिच्या घरी जाऊन, तिच्या बापासमोर उभं राहून कळवा.