दोन बोटं उंच पायरी

ताईला मेट्रोत इंजिनिअरची नोकरी लागली, तेव्हा बाबांनी ओळखीचा एक माणूस सोडला नाही. "आमची मोठी मेट्रो बांधते," असं सांगायचे. जणू बाकीचे लोक तिला नुसती घमेली उचलून देत होते.

खरं तर तिच्याकडे एका स्टेशनचा एक जिना होता आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. स्टेशन सुरू झालं, तशी पहिल्याच रविवारी बाबांनी सगळी वरात तिकडे नेली. ताई नको नको म्हणत होती. आम्हाला वाटलं, लाजतेय.

सगळ्यात वरच्या पायरीला काका अडखळले. "अरेच्चा," म्हणत त्यांनी मागे वळून पायरीकडे असं बघितलं, जणू तिनेच पाय आडवा घातला. मग मावशी: "अगं बाई गं," आणि पर्स पुढे, मावशी मागे. मग बाबा. त्यांचा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला.

"कोणत्या गाढवाने बांधलाय हा जिना?"

ताई चपलेकडे बघत राहिली.

घरी आल्यावर मी एकेकाचं अडखळणं करून दाखवलं. आई हसून हसून ओट्याला टेकली. ताई हसली नाही.

"ते गाढव मी," ती म्हणाली. "पायऱ्यांची मापं मी दिली. वरच्या मजल्यावर फरशी बसणार, तिची जाडी धरायलाच विसरले. फरशी बसली, मजला वर आला, आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच झाली. चढताना पाय सवयीने आधीइतकाच उचलला जातो, मग अडकतो."

"अगं, पण कोणी तपासलं नाही?" आईने विचारलं.

"तपासायला आलेले साहेब लिफ्टने वर गेले."

मी फिस्सकन हसलो. आईने डोळे वटारले.

"तक्रारी आल्या, तेव्हा साहेबांनी फरशीवाल्या मिस्त्रीला सगळ्यांसमोर झापलं," ताई सांगत होती. "सोमवारपासून हा मला साइटवर दिसायला नको, म्हणाले. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, मॅडम, तुम्ही सांगा ना, दिलेल्या मापानेच केलंय. आणि मी काय म्हणावं? 'बघते मी.' एवढंच. आणि हेल्मेटचा पट्टा नीट करत बसले."

आईने ताटं वाढली.

"आधी कायम हो," बाबा हळूच म्हणाले. "मग सांग."

"मग म्हणजे मिस्त्री घरी बसल्यावर?" आईने विचारलं. बाबा ताटातलं चिवडत राहिले.

सोमवारी सकाळीच ताईने साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. मिस्त्री राहिला. ताईचं कायम होणं पुढे ढकललं गेलं, आणि वरच्या पायऱ्या फोडून नीट होईपर्यंत लोकांना पलीकडच्या जिन्याने वळवायला तिलाच उभं केलं.

कॉलेज सुटल्यावर मी बघायला गेलो. ताई दोरी बांधून उभी होती. येणारा जाणारा करवादत होता. एक ढेरपोटे गृहस्थ म्हणाले, "आत्ता तर बांधलंय. अक्कल गहाण ठेवता का तुम्ही लोक?"

"हो," ताई म्हणाली. "म्हणजे, सॉरी. पलीकडून जा."

मिस्त्री छिन्नी चालवत होता. चार कामगार फोडलेलं राबिट घमेल्यांत भरत होते. ताईने मिस्त्रीला विचारलं, "अजून रागावलात का?"

"नाही मॅडम." ठक, ठक. "तुम्ही साहेबांना सांगितलंत, ते केबिनमध्ये. मला झापलं होतं, ते या सगळ्यांपुढे."

ताईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग ती कामगारांकडे वळली. "जरा ऐका," ती म्हणाली, आणि आवाज मध्येच फाटला. "माप माझं चुकलं होतं. मिस्त्रींचं काम बरोबर होतं. मला तेव्हाच माहीत होतं, तरी मी गप्प बसले."

कामगारांना कुठे बघावं कळेना. एकाने उगाच टोपी काढून परत घातली.

मिस्त्रीने छिन्नी पुन्हा टेकवली. "बाजूला व्हा मॅडम," तो म्हणाला. "कपची उडेल."