पडदा हलवणारं कार्ड

लेकीने कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पण जुनं काढलं नाही. मॉनिटरची वायर मात्र नव्यालाच जोडली.

"मग जुनं काय करतं?" मी विचारलं.

"बाबा, ते चित्र दाखवत नाही. गेममधला धूर कसा पसरेल, पडदा वाऱ्याने कसा हलेल, एवढंच बघतं."

तिने ते बंद करून दाखवलं. गेम थांबला नाही. माणसं धावत होती, दारं उघडत होती. खिडकीतला पडदा तेवढा ताठ झाला.

तिची आई गेल्यापासून आमचंही घर चालतंच आहे. दूध येतं, कुकर लागतो, तिन्हीसांजेला दिवा लागतो. कुणी विचारलं, तर बरं चाललंय म्हणतो, आणि ते खोटंही नसतं.

"परत चालू करू?" लेकीने विचारलं.

तिथे तसं करता येत होतं.