नायकाचा डबा आणि ताकाची परीक्षा

दादऱ्याच्या तलावाकाठच्या बागेत आम्ही कारखान्यातले निवृत्त लोक अधूनमधून जमतो. तिथे आमचा जुना पॅकिंग सुपरवायझर एक गोष्ट रंगवून सांगतो. एक मारधाडीचा चित्रपट पडला, त्याच्या नायकाचे चित्र असलेले आमचे प्लास्टिकचे जेवणाचे डबे गोदामात अडकले, मिस्त्रीने शेठपुढे हात जोडले आणि शेठने दयेपोटी डबे वाचवले. तो मिस्त्री मी. हात मी जोडले नव्हते. परवा त्याने गोष्टीत डब्यातून गळलेला एक थेंबही घातला, म्हणून लिहिणे भाग आहे.

त्या डब्याचा साचा सिल्वासाच्या आमच्या टूलरूममध्ये मी स्वतः घडवला होता. झाकणावर नायकाची आवळलेली मूठ उठून दिसावी, एवढीच चित्रपटवाल्यांची मागणी होती. ती मूठ नुसती शोभेची न राहता तेलकट हातालाही तिची पकड मिळावी, ही कल्पना माझी. झाकणाच्या आतली, रबरी वायसर घट्ट बसवणारी खाचही माझीच.

चित्रपट एका शुक्रवारी लागला आणि पुढच्या शुक्रवारी थिएटरवर दुसरेच पोस्टर झळकले. चित्रपटवाल्यांनी माल उचलला नाही. ‘तुमचे तुम्ही बघा’ म्हणून मोकळे झाले. शेठने हुकूम दिला: डबे ग्राइंडरमध्ये दळून त्यांचा पुन्हा वितळवायला दाणा करा, साचा भंगारात काढा.

“फ्लॉप पिक्चरचा फ्लॉप डबा,” पॅकिंगवाला सगळ्यांदेखत म्हणाला. “आता बादल्या बनवा, मिस्त्री.”

दुसऱ्याने केलेल्या वाईट चित्रपटापायी माझे चांगले काम दळले जाणार होते. हे मला मान्य नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मी गोदामातला एक डबा नळावर धुतला, घरून आणलेले ताक त्यात काठोकाठ भरले, झाकण आवळले आणि थेट शेठच्या केबिनमध्ये शिरलो. पॅकिंगवाला तिथेच उभा होता. मी डबा उलटा करून शेठच्या डोक्यावर धरला.

“अरे मिस्त्री! आ शुं करो छो?”

“हलू नका, शेठ. पिक्चर पडला असेल, डबा नापास झालेला नाही.”

मी डबा तसाच उलटा धरून जोरजोरात हलवला. आणि हो, एक थेंब पडला. तो मी कधीही नाकारलेला नाही. शेठच्या बाहीवर पडला आणि पॅकिंगवाला टाळी वाजवून ओरडला, “गळला! गळला!”

शेठने तो थेंब बोटावर घेतला, निरखला, जिभेला लावला.

“आ तो पाणी छे,” ते म्हणाले.

डबा मी नुकताच धुतला होता, बाहेरून ओला होता. ताक आत होते, आणि आतच राहिले. बागेतल्या गोष्टीत थेंब येतो, शेठची जीभ येत नाही. दया म्हणतात ती एवढीच.

ग्राइंडर त्या दिवशी चालला नाही. डबे आधी कारखान्याच्या फाटकावर विकायला ठेवले. धुळे-नंदुरबारकडून आलेल्या कामगारांनी घेतले, किलवणीहून येणाऱ्या बायांनी घेतले. डब्यावरचा रागीट माणूस कोण, हे एकानेही विचारले नाही. डाळ सायकलवर हिंदकळूनही सांडत नाही, हे मात्र आठवड्याभरात कामाच्या प्रत्येक पाळीत पसरले. गोदाम रिकामे झाले तरी लोक फाटकावर डबा मागत राहिले.

तेव्हा शेठ स्वतः टूलरूममध्ये आले. “मिस्त्री, साचा चढवा,” ते म्हणाले. “चित्र नको. बाकी काही बदलू नका.”

पॅकिंगवाल्याला मी मुद्दाम हाक मारली. क्रेनने उचललेला साचा मशीनवर बसेपर्यंत त्याला साखळी धरायला लावली आणि शेवटचा बोल्ट मी माझ्या हाताने आवळला.