कमिशन वजा करून

नोटा खिडकीतच पडू द्यायच्या आणि आधी खालची चिठ्ठी उचलायची, ही आबांची रीत होती.

मनिऑर्डर घ्यायला आलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. सही करतानाच त्यांचा डोळा पैशांवर असतो. आबा मात्र चिठ्ठी चष्म्याला टेकवून, ओठ हलवत, तीन-तीनदा वाचत. मागे रांग खोळंबलेली. मी म्हणायचो, "आबा, पैसे तरी उचला आधी."

"राहू दे भाऊ. ते कुठी जातात?"

ज्यांनी मनिऑर्डर पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो. फॉर्मच्या खालच्या बाजूला बोटभर रुंदीचा कागद असे. पाठवणाऱ्याने त्यावर चार ओळींचा निरोप लिहायचा. पैसे देताना आम्ही तेवढा तुकडा फाडून घेणाऱ्याच्या हातात ठेवायचो. बहुतेक लोक तो कोराच सोडत, नाहीतर 'पोहोच कळवणे' एवढं लिहून मोकळे होत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या एका पोस्टात खिडकीवर होतो. आबा मेहरूणला, तलावाच्या अंगाला राहत. दोन खोल्या आणि मागे पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा. मूळ गाव एदलाबादकडचं. एदलाबादला मुक्ताईनगर म्हणायला तेव्हा कुणाचीच जीभ वळत नव्हती. त्या तुकड्यात आबा भरताची वांगी लावत, पण वांगी विकत नसत. बी विकत. एका शेतीच्या मासिकाने कधीतरी त्यांचा पत्ता छापला होता. तेव्हापासून कुठून कुठून कार्डं येत. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, साक्री. आबा वर्तमानपत्राच्या घडीत चिमूटभर बी बांधून धाडत. पैसे आधी मागत नसत.

"उगवंल का नही, हे मले तरी काय ठाऊक? वांगं लागलं की मंग धाडा म्हना पाच रुपये."

त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला, म्हणून बियासोबतचं कार्ड मी लिहायचो. मजकूर ठरलेला. 'बी पाठवले आहे. वांगी लागल्यावर पाच रुपये मनिऑर्डरने पाठवावे. मनिऑर्डरचे कमिशन त्यातून वजा करून पाठवावे. खाली चार ओळी लिहाव्या.'

म्हणजे पैसे पाठवायचा खर्चही विकणाऱ्याच्याच अंगावर. आमच्यातले ज्येष्ठ कारकून नाना, त्यांना हे अजिबात पटत नसे. ते आपल्या टेबलावरून ओरडत, "आबा, बी घेणाऱ्याने भरावं हो कमिशन! आधी बी उधार, वर पैशाचं भाडंही तुम्हीच द्यायचं? उद्या वांगी शिजवूनही द्याल!"

आबा हसत. "नाना, घरी पाहुना आला तं त्याले कोनी एसटीचं भाडं मांगतं का?"

"पाहुणा कुठला? पैसा येतोय!"

"तेच तं," आबा म्हणत आणि पुन्हा चिठ्ठीत डोकं घालत. नाना माझ्याकडे बघून कपाळावर बोट फिरवत.

मला वाटे, भोळा माणूस. चांगुलपणाने बुडणार.

हिवाळ्यात मनिऑर्डरी येत. खिडकीच्या गजांतून ऊन आत यायचं, लाखेचा वास दरवळायचा, आणि आबा त्या उन्हात डोळे मिटून उभे राहायचे. चिठ्ठी मुठीत. मग कुणाशी तरी बोलल्यासारखं म्हणायचे, "नरडान्याच्या बाईनं विहिरीच्या काठाशी लावलं. सावली पडत असंल तिथी दुपारची." किंवा, "दोंडाईच्याचं झाड माकडानं मोडलं. पन फुटंल. बुडाशी डोळा असतो त्याले." ती गावं त्यांनी कधी पाहिली नव्हती. तरी ते त्या बागांतून असे हिंडत, की मलाही क्षणभर स्टँपपॅडच्या जागी ओली माती दिसायची. घरी त्यांनी त्या सगळ्या चिठ्ठ्या तारेत ओवून खुंटीला टांगल्या होत्या. एकदा गेलो तेव्हा दारातून वारा आला आणि ती तार सळसळली. आबा म्हणाले, "बोलून राह्यले."

आता जे कधी कुणाला सांगितलं नाही ते सांगतो.

एका वर्षी मी कार्डातलं ते वाक्य बदललं. आबांना न विचारता. 'कमिशन वजा करून' काढलं आणि लिहिलं, 'मनिऑर्डरचा खर्च पाठवणाऱ्याचा.' त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, वहाणेला खिळा ठोकलेला. मला वाटलं, प्रत्येकामागे आठ-आठ आणे वाचले तर नवा चष्मा होईल. दया आली, हे खरं. पण नुसती दया नव्हती. नानांच्या टोमण्यांनी मलाही वाटायला लागलं होतं की आबांच्या खुळेपणात आपण सामील आहोत. आणि ते लांबलचक वाक्य दर कार्डावर लिहायचा कंटाळाही आला होता. कंटाळ्याला मी दयेचं नाव दिलं.

त्या हिवाळ्यात मनिऑर्डरी आल्याच नाहीत. आबा रोज येत. "काही हाये का भाऊ?" मी मान हलवायचो. मग पौषात धुळ्याहून एकच आली. साठ रुपयांची. आबांचा चेहरा खुलला. नोटा तशाच टाकून त्यांनी चिठ्ठी उचलली.

धुळ्याच्या एका खताच्या दुकानदाराने लिहिलं होतं : 'आमच्या गिऱ्हाइकांपैकी बारा जणांचे मिळून साठ रुपये. एकत्र पाठवले म्हणजे कमिशन वाचते. पोहोच द्यावी.'

आबांनी चिठ्ठी वाचली. उलटी केली. मागे काही नव्हतं. पुन्हा सुलटी केली.

"आन् वांग्याचं?" त्यांनी मला विचारलं.

मला त्या क्षणी कळलं. पाच रुपये त्यांच्याकडे कसेही आले असते. त्यांना पाहिजे होता तो निरोप. बारा घरांतून बारा निरोप यावेत म्हणून ते बारा वेळा भाडं भरत होते. ज्याला पाहुणा हवा त्याने भाडं द्यावं, इतका साधा त्यांचा न्याय होता. बी घेणाऱ्यांवर खर्च पडला तेव्हा त्यांनी शहाण्यासारखे पैसे एकत्र केले, यात त्यांचीही काही चूक नव्हती.

"बारा जनाचे साठ," आबा हळू म्हणाले. "म्हंजे पुरे पाच-पाच. कमिशन नही कापलं त्याहीनं?"

"एकच मनिऑर्डर ना. सोसलं असेल दुकानदाराने."

"तू कार्डात लिवतो ना भाऊ, ते वजा करायचं?"

"लिहितो ना," मी म्हणालो.

एवढंच. 'लिहितो ना.' आयुष्यात मी याहून मोठं खोटं बोललो असेन, ते आठवत नाही.

पुढच्या कार्डांत वाक्य परत घालता आलं असतं. पण त्या वर्षीचं बी जाऊन चुकलं होतं. आबा येत राहिले. चिठ्ठी नाही. हळूहळू त्यांनी उन्हात उभं राहणं सोडलं. खिडकीवर यायचे, विचारायचे, जायचे. गावांची नावं त्यांच्या तोंडून येईनाशी झाली. एके दिवशी नानासुद्धा मला म्हणाले, "म्हातारा बोलत नाही रे हल्ली. चुकल्याचुकल्यासारखं होतं."

माघात मावसबहिणीच्या लग्नाला मी शिंदखेड्याला गेलो. तिथल्या पोस्टासमोर चहाची टपरी होती. मनिऑर्डरचा फॉर्म घेतला आणि चहा पीत बसलेल्या एका माणसाला म्हटलं, "दादा, चार ओळी लिहून देता का? माझा हात दुखावलाय." माझं अक्षर आबांच्या ओळखीचं होतं. पाठवणाऱ्याचं नाव मी तिथल्या तिथे रचलं : झिपरू दगा. मजकूर सांगितला. 'आबांस नमस्कार. तुमच्या बियाचं झाड कमरेला लागलं. पहिलं वांगं देवापुढं ठेवलं. बायको म्हणते, देठसुद्धा गोड. कमिशन वजा करून साडेचार रुपये पाठवतो.'

लिहिणारा हसून म्हणाला, "वांगं इतलं ग्वाड शे, तं आम्हले बी दे ना भो!"

ती मनिऑर्डर माझ्याच हाताने मी आबांना दिली. ते चिठ्ठी वाचत तसेच बाहेर गेले. साडेचार रुपये खिडकीत राहिले. मी मागे धावत जाऊन त्यांच्या हातात कोंबले. ते पोस्टासमोरच्या वडाखाली उभे होते, डोळे मिटून. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं.

चार दिवसांनी आबा आले ते धुतलेलं धोतर नेसून. खांद्याला पिशवी.

"शिंदखेड्याले चाललो. झिपरूची बाग पाहून येतो."

नाना उडालेच. "अहो, साडेचार रुपयांच्या माणसासाठी एवढं गाडीभाडं?"

"देठ ग्वाड हाये म्हने, नाना. असा देठ म्या नही खाल्ला कधी."

पॅसेंजरला अर्धा तास होता. सांगायला एक मिनिट पुरलं असतं. माझ्या हातात शिक्का होता आणि मी एकाच पाकिटावर तो तीनदा मारला. म्हणालो काय, तर, "आबा, गारठा आहे. मफलर घ्या." माझा मफलर मी त्यांना दिला. गिरणा, बोरी, पांझरा, एकेक पूल ओलांडत तो म्हातारा माझ्या खोट्याकडे निघाला होता, आणि मी त्याला मफलर दिला.

ते तिसऱ्या दिवशी आले. मफलर घडी करून खिडकीत ठेवला.

"भेटला?" नानांनी विचारलं.

"आधी नही भेटला. बठ्ठं गाव पालथं घातलं. समदे म्हनत, 'त्या नावनं आठे कोनी नही शे, आबा.' एका म्हातारीनं भाकर देली. मंग संध्याकाळी भेटला."

"भेटला?" आता मी विचारलं.

"भेटला ना. गावाबाहीर, नाल्याच्या पल्याड. बारकी बाग. मातीची भित, तिच्यावर घोसाळ्याचा वेल. वांग्याले पान्याची सारणी नही, बाई गडव्यानं पानी घालते एकेका झाडाले. पानावर ऊन असं थांबलेलं. झिपरू लई बोलत नही. मनात काही असंल तं बोटं मोडत बसतो."

मी माझी बोटं मोडत होतो. थांबवली.

मी रचलेल्या माणसाची बाग ते मला सांगत होते, आणि खरं सांगतो, मला ती दिसत होती. अजून दिसते. त्यांनी दुसऱ्याच कुणाची बाग पाहिली, की कुणाचीच नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

"कार्ड काढ भाऊ," आबा म्हणाले. "झिपरूले लिवायचं हाये."

मी कार्ड काढलं. ते सावकाश सांगू लागले.

"लिव. तुमची बाग पाह्यली. मन भरलं. पन पुढच्या खेपेले दुसऱ्याच्या हातून लिवून घेऊ नका. अक्षर कसंबी असो, सोताच्या हातानं लिवा. जे झालं असंल ते लिवा. झाड वाळलं असंल तं वाळलं म्हून लिवा. मी रागावत नही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कमिशनचं घालू?"

"ते तं तू लिवतोच."

नाना पलीकडे पार्सलं मोजत होते, त्यांच्या लक्षात काही आलं नाही. मी खाली मान घालून विचारलं, "पत्ता?"

"तुले ठाऊक हाये," आबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

आबांना हवं होतं ते मी लिहिलं नाही. चैत्रात माझी धुळ्याला बदली झाली. वाटलं, बरं झालं, लांबून लिहिणं सोपं. कितीतरी वेळा फॉर्म घेतला, वरची रक्कम भरली, पत्ता लिहिला, आणि खालच्या बोटभर जागेपाशी थांबलो. मी त्यांच्या बियाचं झाड कधी लावलंच नव्हतं. दुसरं लिहायचं ते एकच होतं, आणि ते लिहायला मला तो कागद कधी फार लहान वाटे, कधी फार मोठा. पोस्टातल्या माणसाला पोस्टानं चार ओळी पाठवता आल्या नाहीत. अशी दोन वर्षं गेली.

मग नानांचं कार्ड आलं. इकडचं तिकडचं लिहून शेवटी, 'तुझे आबा गेले. झोपेतच.'

मी मेहरूणला पोचलो तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. दाराला कुलूप. शेजारच्या अक्का कुंपणापाशी आल्या. मी कोण ते सांगितलं.

"पोस्टातले भाऊ का तुम्ही? मागं या की, हिकडून."

तुकड्यातली झाडं उभी होती. वांगी कुणी तोडली नव्हती. झाडावरच पिकून ती पिवळीधमक झाली होती, फांद्या जमिनीला टेकलेल्या.

"बियाची हायेत," अक्का म्हणाल्या. "त्याहीले इचारल्याबिगर हात कसा लावायचा? आन् आता इचारायचं कोनाले?"

त्या आत गेल्या. मी तिथेच उकिडवा बसलो. एक वांगं गळून फुटलं होतं. त्यातून मुंग्यांची रांग निघाली होती, एकेकीच्या तोंडात एकेक बी. वाळल्या पानांवरून, अक्कांच्या कुंपणाखालून, तलावाकडच्या पडीक जमिनीत ती कुठवर गेली होती, ते मला बसल्या जागेवरून दिसत नव्हतं.