श्यामराव वैरागड्यांचं टोस्टवरचं भाषण

श्यामराव वैरागडे यांची तीस वर्षं छत्तीसगडातल्या उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये गेली. ते फोरमन होते. भट्टीतून निघालेल्या लोखंडाचा नुसता रंग पाहून ते लाटायला झालं की नाही हे सांगायचे, आणि तीच नजर घरच्या पोळ्यांवरही ठेवायचे. त्यामुळे विजयाकाकू त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नसत.

या नवराबायकोत एकच खरं भांडण होतं आणि ते एकेचाळीस वर्षं चाललं होतं. टोस्ट म्हणजे नेमकं काय? श्यामरावांचा टोस्ट म्हणजे बेकरीतला, कडक, रव्याचा, पिशवीत मिळणारा. मिलमध्ये सकाळच्या पाळीला चहाबरोबर तोच असायचा. विजयाकाकूंचा टोस्ट म्हणजे पावाची स्लाइस जाळीवर शेकून, वर लोणी लावलेली. त्या रेल्वेतल्या माणसाची मुलगी, त्यांच्या माहेरी तसाच होता.

"दोनदा भट्टीतून निघते तो टोस्ट," श्यामराव म्हणायचे. "एकदाच शेकला, तर तो गरम पाव."

"अन् तुमचा तो टोस्ट? वीट आहे वीट. चहात बुडवल्याशिवाय खाता येत नाही."

"मले येते," श्यामराव म्हणायचे आणि कोरडा टोस्ट कडाकडा चावून दाखवायचे. वरची कवळी बसवल्यावरही त्यांनी हा बाणा सोडला नव्हता.

नात निधी अकरावीत आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. "आबा, दोनों ही टोस्ट हैं ना! झगड़ा किस बात का?"

"तू राहू दे पोट्टी, तुले नाही समजत," दोघंही एकदम म्हणायचे. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत असे.

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मराठी ज्येष्ठांचं एक मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणीतरी अर्धा तास बोलायचं, मग चहा, मग घरी. गेल्या फेब्रुवारीत चिटणीस भार्गवने श्यामरावांना विचारलं, "काका, तुम्ही बोलता का यावेळी? विषय तुमच्या आवडीचा घ्या." वाद मिटवायची अशी संधी श्यामराव सोडतात थोडीच! त्यांनी विषय दिला, 'टोस्टचा इतिहास'. निधीच्या फोनवरून माहिती काढून फुलस्केपचे अकरा कागद भरले. बायकोला एकही दाखवला नाही.

रविवारी साठेक माणसं जमली. पहिल्या रांगेत यज्ञेश्वरजी बसले होते. वय अठ्ठ्याऐंशी, कान अधू, आणि पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आले याचा जबर अभिमान. विजयाकाकू तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून.

श्यामराव उठले. सुरुवात दणक्यात व्हावी म्हणून त्यांनी खिशातून टोस्ट काढला, माइकजवळ धरला आणि म्हणाले, "मंडळी, आधी नुसता आवाज ऐका."

दोन आवाज आले. पहिला टोस्टचा होता. दुसरा कवळीचा.

श्यामरावांनी पाठ फिरवली, रुमालात काहीतरी गुंडाळलं आणि परत फिरले. वरचा ओठ आत गेला होता. पण मिलचा फोरमन असा माघार घेत नाही.

"मंदली," ते म्हणाले, "तोफ्तचा इतिहाफ फार जुना आहे."

यज्ञेश्वरजी खुर्चीत ताठ झाले. "वा! तोफेचा!"

"तोफ्त दोनदा भत्तीतून जातो."

"बरोबर! भट्टीशिवाय तोफ ओतताच येत नाही!" यज्ञेश्वरजींनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं. "आमच्या पणजोबांकडे दोन होत्या!"

सभागृहात हसू फुटलं. श्यामराव हातवारे करून "तोफ नाही, तोफ्त" सांगत होते, आणि जितकं सांगत होते तितकं ते युद्धाच्याच जवळ जात होतं. कान लाल झाले. तेव्हा विजयाकाकू उठल्या. शांतपणे व्यासपीठावर गेल्या, नवऱ्याच्या हातातले कागद घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा. मी वाचते."

श्यामराव बसले. दुसरा इलाज नव्हता.

दोन पानं काकूंनी इमानदारीने वाचली. टोस्ट या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ भाजलेलं. जुने खलाशी दोनदा भाजलेला पाव घेऊन समुद्रावर जात. विजेचा टोस्टर आधी आला आणि कारखान्यात कापलेला पाव नंतर, म्हणजे आधी पाळणा अन् मग लग्न. लोक खूश होते. तिसऱ्या पानावर काकू थांबल्या. मनातल्या मनात वाचलं. भुवया वर गेल्या.

"इथून पुढे यांचं अक्षर लागून नाही राहिलं," त्या म्हणाल्या आणि कागदांची घडी घातली. "मीच सांगते."

श्यामराव अर्धवट उठले. शेजारच्याने त्यांना खाली बसवलं.

"माझे बाबा डोंगरगडला असिस्टंट स्टेशन मास्तर होते," काकू म्हणाल्या. "पाव नागपूरहून गाडीने यायचा. आमच्या हातात पडेपर्यंत शिळा, कडक. आई तो सिगडीवर शेकायची म्हणून खाता यायचा. आम्ही सात भावंडं. लोणी लावलेला टोस्ट फक्त ज्याला ताप असेल त्याला. मग मी काय करायची, काखेत कांदा धरून उन्हात बसायची. ताप काही येत नव्हता, पण वास यायचा. आई वासावरून ओळखायची, अन् तरी अर्धा टोस्ट द्यायची."

श्यामरावांना एकेचाळीस वर्षांत हे ठाऊक नव्हतं.

"अन् आता यांचा टोस्ट," काकू म्हणाल्या. श्यामरावांनी मान खाली घातली. "आमचा मुलगा पोटात होता तेव्हा चार महिने मले पाणीसुद्धा पचत नव्हतं. हे मिलमधून रोज दोन टोस्ट कागदात गुंडाळून आणायचे. तेवढेच पोटात राहिले. हे मी यांना कधी बोलली नाही. बोलली असती, तर डोक्यावर बसले असते."

टाळ्या बराच वेळ चालल्या. सगळ्यात जास्त यज्ञेश्वरजींनी वाजवल्या. त्यांना तोफांचं शेवटी काय झालं ते कळलं नव्हतं, पण बाई फार छान बोलल्या असं ते म्हणाले. भार्गवने तिथल्या तिथे पुढच्या महिन्याचं भाषण काकूंना देऊन टाकलं.

घरी जाताना सदर बाजारच्या गर्दीत स्कूटर अडकली, तेव्हा श्यामरावांनी मागे न पाहता विचारलं, "खरंच कांदा?"

"हव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातून धूर आला. काकू धावत गेल्या. श्यामराव गॅससमोर उभे होते, जाळीवर स्लाइस, डोळे बारीक, लोखंडाकडे पाहावं तशी नजर. रंग त्यांच्या हिशेबाने अजून यायचा होता. काकूंनी गॅस बंद केला. काळी पडलेली स्लाइस श्यामरावांनी बशीत ठेवली, वर लोणी थापलं आणि बशी पुढे केली.

काकू उभ्याउभ्याच खायला लागल्या.

"कफा झाला?"

"करपला."

"मग खाऊन काहून राहिली?"

"ताप आहे मले," काकू म्हणाल्या आणि उरलेला घास तोंडात टाकला.