बस तुमचीच आहे

"सावकाश चढा, बस तुमचीच आहे!" ऐंशी सालाच्या आसपास नाशिकच्या स्टँडवर तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर हा आवाज ऐकलाच असणार. माणूस मात्र पाहिला नसेल. तो माइकपुढे खोलीत एकटाच असायचा. मी शेजारच्या खोलीत, गाड्या सोडायच्या कामावर.

डबा उघडला की तो अर्धी भाजी माझ्याकडे सरकवायचा. "घ्या साहेब, एकट्यापुरतं शिजवायला जमतच नाही." मी खायचो. घरी मात्र त्याला एकदाही जेवायला बोलावलं नाही.

एका चैत्रात वणीच्या देवीला जाणाऱ्यांची ही झुंबड! त्यानं वणीची म्हणून पेठची गाडी पुकारली. कंडक्टर तिकिटं फाडत मागं पोचेपर्यंत गाडी गावाबाहेर. ओटीचे नारळ सांभाळत बायका पायी परत आल्या. एक म्हातारी त्याच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "बाबा, तू पुकारलं म्हणून बसलो ना आम्ही!"

तो डोकं धरून बसला होता. "लय दुखतंय साहेब. गावांची नावंच सापडत नाहीत."

आणि मी शहाणा! सगळ्यांसमोर म्हणालो, "सकाळीच घेतलीस का रे?" लोक हसले. त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

पुढं मुंबईला तपासण्या झाल्या. वेळापत्रक सांगावं तसं त्यानं सांगितलं, "मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज आहे. त्यानं एक नस कमकुवत होऊन तिला फुगा आलाय. आधी गोळ्यांनी सूज उतरवायची, मग ऑपरेशन. तोवर फुगा फुटायला नको."

गोळ्यांनी तोंड सुजलं, तर आम्ही म्हणालो, तब्येत झाली बुवा! माइक दुसऱ्याकडे गेला. हा बाकावर बसून ओठांतल्या ओठांत गाड्या पुकारायचा.

ऑपरेशन ठरलं तेव्हा म्हणाला, "बरोबर कुणीतरी लागतं म्हणे."

"दिवाळीची गर्दी आहे रे, रजा कोण देणार?" मी म्हणालो. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती.

"असू द्या. सावकाश जाईन. बस आपलीच आहे."

त्याची गाडी मीच सोडली.

पाचव्या दिवशी माझ्या नावानं तार आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच फुगा फुटून तो गेला होता. रजा मागितली, तासाभरात मिळाली.

हॉस्पिटलच्या कागदावर नातेवाईक म्हणून माझं नाव होतं. पुढं त्याच्याच अक्षरात, 'भाऊ'. मी सही केली.

नर्स म्हणाली, "आलात का? रोज विचारायचे हो, नाशिकची गाडी लागली का म्हणून."